दांडीच्या चष्म्याची साक्ष

मी चष्मा बोलतोय. कानांवर बसणारा नव्हे, कान माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत. वीतभर दांडी, तिला बिजागरीने जोडलेली दोन गोल भिंगं आणि दांडीच्या टोकाला गळ्यात घालायची चांदीची साखळी, एवढाच माझा संसार. बघायचं असलं की दांडी धरून मला डोळ्यांपुढे उचलायचं, बघून झालं की सोडून द्यायचं. रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, बग्ग्या धावत होत्या आणि मोठ्या घरच्या बायका जमीन झाडत जाणारे घोळदार झगे घालत होत्या, त्या काळातला मी.

माझी भिंगं एका अरुंद गल्लीतल्या कारागिराने घासली. पायाने चाक फिरवत तो दिवसभर काच घासायचा. त्याला स्वतःला जवळचं धड दिसत नव्हतं. काचेचा उंचवटा तो बोटांनीच ओळखायचा. दांडी कासवाच्या पाठीची होती, मधाच्या रंगाची. मी तयार झालो तेव्हा त्याने मला फडक्याने पुसलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बायकोला म्हणाला, यातून बघणाऱ्याला कोणी फसवू शकणार नाही. बिचारा. दिसलेलं माणसं बोलूनही दाखवतात, असा त्याचा समज होता.

मला एका न्यायाधीशांनी विकत घेतलं, आपल्या धाकट्या बहिणीसाठी. बहीण बिनलग्नाची, भावाच्या घरी राहणारी. तिशीतच नजर अधू झालेली. पण न्यायाधीशांच्या बायकोचं म्हणणं असं की साधा चष्मा लावलेली बाई पाहुण्यांमध्ये शाळेतल्या बाईंसारखी दिसते, चारचौघांत बरं नाही वाटत. म्हणून मी. हातात धरला की मी दागिना, डोळ्यांशी नेला की चष्मा. घरातले सगळे तिला आत्याबाई म्हणत. मीही तसंच म्हणेन.

आत्याबाईंना बघण्याची हौस होती. मोठ्या घरांमधून बायकांना एकमेकींकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नव्हताच, पण बाकीच्या बघत आणि विसरत. आत्याबाई बघत आणि लक्षात ठेवत. कोणाच्या हातमोज्याचं बटण बदललंय, कोणत्या खुर्चीखालचा गालिचा दोन बोटं सरकलाय, कोणी आज साखर घेतली नाही. हळूहळू बायका त्यांच्याकडे आपली गाऱ्हाणी घेऊन यायला लागल्या. पोलिसांना घरात बोलवायचं म्हणजे गावभर बोभाटा. त्यापेक्षा आत्याबाईंना चहाला बोलवायचं.

एकदा सबंध वस्तीतल्या बायकांना निनावी पत्रं यायला लागली, अगदी घाणेरडी. फौजदारांनी दोन टपालवाल्यांना दम भरून पाहिला. आत्याबाईंनी सगळी पत्रं टेबलावर मांडली आणि माझ्यातून एकेक पाहिलं. मोठा ताव कापून केलेल्या दर कागदाची कड एकाच जागी किंचित फाटलेली होती, दाते पडलेल्या कागदकापणीने, म्हणजे कागद कापायच्या बोथट सुरीने, फाटावी तशी. पुढच्या आठवड्यात त्या कर्नलच्या बायकोकडे चहाला गेल्या आणि तिच्या टेबलावर ती कागदकापणी दिसली. सगळ्यांत जास्त पत्रं तिलाच आली होती, आणि रडायचीही सगळ्यांत जास्त तीच. आत्याबाई तिला एवढंच म्हणाल्या, की ही कागदकापणी आता बदला. पत्रं बंद झाली.

अशी सात-आठ प्रकरणं त्यांनी उलगडली. श्रेय मिळायचं फौजदारांना, नाहीतर न्यायाधीशांना. पण खरं कोणी केलं ते बायकांना ठाऊक असायचं, आणि आत्याबाईंना तेवढं पुरायचं. पुरायचं म्हणजे काय, आवडायचं. सगळ्यांचा चहा ओतून झाला की त्या कप खाली ठेवायच्या, मला उचलायच्या, आणि दिवाणखाना चिडीचूप व्हायचा. त्या क्षणासाठी त्यांनी काय वाटेल ते केलं असतं. मी त्यांच्या छातीवर लोंबत असायचो. त्या क्षणी त्यांचं काळीज कसं उड्या मारायचं ते मला कळायचं.

त्या घरात एक मोलकरीण होती. अंगाने इवलीशी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. सोळाव्या वर्षी कामाला आलेली. इस्त्री करायची आणि घरभराचे कपडे रफू करायची. तिची रफू शोधावी लागे. फाटलेल्या जागी ती धागा असा विणायची की कापड मुळातच तसं विणलं असावं.

एका दुपारी आत्याबाईंनी तिला रद्दीतला वर्तमानपत्राचा कागद उलटा धरून त्यातलं चित्र बघताना पाहिलं. त्यांनी कागद सुलटा केला आणि विचारलं, वाचायला शिकतेस का. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, दुपारी तीन ते चार, चिमणी आत्याबाईंच्या खोलीत येऊ लागली. दार लावून. कारण नोकरमाणसांना वाचायला शिकवलं तर ती डोक्यावर बसतात असं वहिनीसाहेबांचं, म्हणजे न्यायाधीशांच्या बायकोचं, ठाम मत होतं. त्या तासाला चिमणी वरच्या कपड्यांच्या खोलीत इस्त्री करत असायची असा घरात समज. खरं तर ती आमच्याजवळ असायची, शब्दांखाली बोट ठेवून. दोन वर्षांत ती अडखळत का होईना पण सबंध पान वाचू लागली. घरात त्याची कोणालाही कल्पना नव्हती.

न्यायाधीशांना एकच मुलगी, आत्याबाईंची भाची. वहिनीसाहेबांचं आयुष्य पाहुण्यांमध्ये जायचं, त्यामुळे मुलीला न्हाऊ घालण्यापासून अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं आत्याबाईंनीच केलं. ती एकोणीस वर्षांची झाली आणि एका फार बड्या घराण्यातून मागणी आली. लग्न ठरलं. मुलाच्या आईने पाचूचा एक ब्रोच आधीच पाठवून दिला. पिढ्यान्पिढ्या त्या घरातल्या सुनांनी लावलेला. जाहीर मेजवानीच्या दिवशी त्या स्वतः तो मुलीच्या खांद्यावर लावणार होत्या. तोवर वहिनीसाहेबांच्या पेटीत.

मेजवानी आठ दिवसांवर असताना ब्रोच नाहीसा झाला.

वेळ अगदी पक्की होती. तीन वाजता वहिनीसाहेबांनी तो एका पाहुणीला दाखवला, पेटीत ठेवला आणि किल्ली नेहमीच्या खणात टाकली. चार वाजता दुसरी पाहुणी आली, तिला दाखवायला गेल्या तर पेटी रिकामी. दिव्याची वेळ होण्याआधीच कारभारीणबाईंनी सगळ्या नोकरांच्या ट्रंका उपसल्या. चिमणीच्या ट्रंकेत, तळाशी, एका मोज्यात गुंडाळलेला ब्रोच सापडला. तीन ते चार कुठे होतीस, असं विचारल्यावर चिमणीने आत्याबाईंकडे पाहिलं आणि गप्प बसली. बाईंचं गुपित बाईंनीच फोडावं, असं तिला वाटलं असणार.

तिला माळ्यावरच्या खोलीत कोंडलं. आत्याबाई तिथे गेल्या आणि दाराबाहेरूनच हलक्या आवाजात म्हणाल्या, "घाबरू नकोस. तू माझ्याजवळ होतीस हे मी उद्या फौजदारांना सांगेन. पण ट्रंकेत कोणी ठेवलं ते मला आधी शोधू दे."

एक वाक्य. तेवढं त्यांनी तेव्हाच खाली उतरून बोलायला हवं होतं. पण मग प्रकरण अर्धंच उलगडलं असतं. उद्या फौजदार येणार, दिवाणखान्यात सगळे जमणार, आणि त्यांच्यापुढे आत्याबाईंना सबंध कोडं सोडवून दाखवायचं होतं. मी त्यांना चांगला ओळखतो.

त्यांनी ब्रोच मागून घेतला आणि माझ्यातून पाहिला. टाचणीच्या टोकाला रेशमाचा एक धागा अडकला होता, फिकट गुलाबी, केसाएवढा. ब्रोच तर अजून कोणीच लावला नव्हता. म्हणजे कोणीतरी तो कपड्याच्या आतल्या बाजूला टाचून नोकरांच्या माळ्यावरच्या खोल्यांपर्यंत नेला होता. घरात गुलाबी रेशमी अस्तराचा झगा एकच होता. परवाच शिवून आला होता. आणि त्या दुपारी पहिल्यांदाच अंगात घातला गेला होता.

त्यांनी तो धागा तीनदा पाहिला. धागा तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाचीच्या खोलीत गेल्या. भाची आरशासमोर बसली होती. आत्याबाईंनी काही न बोलता कपाटातून झगा काढला, अस्तर उलटं केलं आणि ओढला गेलेला धागा तिला दाखवला.

भाचीने आढेवेढे घेतले नाहीत. हिवाळाभर ती गाण्याच्या मास्तरांना पत्रं लिहीत होती. पोरकट पत्रं, पण मुलाच्या आईच्या हाती पडली असती तर लग्न मोडलंच असतं. ती पत्रं पोचवायची चिमणी. तिला वाचता येत नाही म्हणून भाची निर्धास्त होती. मग गेल्या आठवड्यात खणात पसरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा चिमणी ओठ हलवत वाचताना तिला दिसली, आणि भाचीची पाचावर धारण बसली.

"तिने कोणाला काही सांगितलं का? काही मागितलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. पण सांगू शकली असती. आता सांगितलं तरी चोरटीचं कोण खरं मानणार?"

"तिला तुरुंगात घालतील, अगं."

भाची रडत होती, पण आवाज शांत होता. "आत्या, तूच म्हणायचीस ना, वस्तू हाती लागली की लोकांना पुढे विचार करायचा कंटाळा येतो. मी तुझ्याच मांडीवर बसून ऐकलंय सगळं."

आत्याबाईंनी झगा पुन्हा कपाटात टांगला. मग त्या भावाच्या अभ्यासिकेत गेल्या.

न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची मागे सारून विचारलं, चिमणी त्या वेळी तुझ्याजवळ होती हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे. तिला स्वतःला, असं आत्याबाई म्हणाल्या. न्यायाधीशांनी मान हलवली. साक्षीदार कच्चा निघाला की कचेरीत हलवत तशीच.

"दादा, तुम्ही न्यायाधीश आहात."

"कचेरीत. इथे मी बाप आहे."

पुढचं ते ओरडून बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. लग्न मोडलं तर पोरीला पुन्हा कोणी विचारणार नाही. तिला लहानाची मोठी तूच केलीस. आणि हेही बघ, की या घराखेरीज तुला दुसरं घर नाही. एका मोलकरणीसाठी आपलं माणूस बुडवायचं असेल तर बुडव, मी अडवणार नाही. आणि त्यांनी कागद पुढे ओढले.

दुपारी फौजदार आले. दिवाणखान्यात सगळी मंडळी बसली होती. चिमणीला दाराशी उभं केलं. तिने रात्रभर डोळा मिटला नसावा, पण ती घाबरलेली दिसत नव्हती. फौजदारांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मी आत्याबाईंच्या खोलीत होते. त्यांनाच विचारा."

फौजदार आत्याबाईंकडे वळले. त्यांना आत्याबाईंबद्दल फार आदर. ते म्हणाले की बाई, तुम्ही म्हणाल ते माझ्यासाठी कचेरीतल्या कागदापेक्षा मोठं.

दिवाणखाना चिडीचूप झाला. आत्याबाईंनी मला उचललं. माझ्यातून त्यांनी चिमणीकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. ती त्यांच्याकडे बघून किंचित हसली. धीर देण्यासाठी. बाईंना गुपित फोडायला अवघड जात असेल, असंच तिला वाटत होतं.

"मला नीट आठवत नाही," आत्याबाई म्हणाल्या.

कोणी साखर घेतली नाही हे वर्षभराने सांगणाऱ्या बाईला कालची दुपार आठवत नव्हती. खोलीत एकालाही त्याचं नवल वाटलं नाही. फौजदारांनी वहीत लिहून घेतलं. चिमणीचं हसू लगेच गेलं नाही. आपण ऐकलं त्याचा अर्थ लागेपर्यंत ते ओठांवर तसंच राहिलं. मग शिपायाने तिचा दंड धरला.

मला तोंड असतं तर! पण मी काच. काचेने बघायचं असतं.

तिला तीन वर्षांची सजा झाली. भाचीचं लग्न ठरल्या दिवशी लागलं, खांद्यावर तोच पाचूचा ब्रोच. ती पुढे सुखात राहिली. असं सांगताना मला मुळीच बरं वाटत नाही, पण राहिली. तिच्या मुलींना गाणं शिकवायलाही तेच मास्तर यायचे.

आत्याबाईंकडे बायका येतच राहिल्या. कोणाचं मृत्युपत्र हरवलं, कोणाच्या घरी भुताचे आवाज. आत्याबाई सांगू लागल्या की आता नजर चालत नाही. मला त्यांनी एका खणात टाकलं. तिथे सहा वर्षं मी हातरुमालांखाली होतो. त्या मधल्या काळात न्यायाधीश वारले.

मग एके दिवशी खण उघडला. बाहेर एक पाहुणी बसली होती, तिच्या झग्याच्या बाहीची लेस आत्याबाईंना बघायची होती. लेस एका जागी फाटून दुरुस्त केलेली. माझ्यातून पाहिल्यावरही टाका कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आत्याबाईंचा चेहरा उतरला. ही रफू कुठे करून घेतली, असं त्यांनी विचारलं. पाहुणी म्हणाली की धोब्याकडे देतो आम्ही, त्याची एक बाई आहे, मागच्या खोलीत बसते.

आत्याबाई एकट्याच गेल्या. अंगण ओल्या चादरींनी भरलं होतं. मागच्या खोलीत वाफेने भिंती फुगल्या होत्या, आणि खिडकीपाशी चिमणी बसली होती. पंचविशीही उलटली नव्हती, दिसत होती चाळिशीची. तुरुंगात अंधाऱ्या खोलीत जाड गोणपाट शिवून डोळे अधू झाले होते. ती सुईत धागा ओवत होती. आम्ही दारात उभे असताना तिचा नेम तीनदा चुकला.

आत्याबाईंनी हाक मारल्यावर तिने मान वर केली. ओळखलं, पण उठली नाही.

आत्याबाईंनी घरून पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. दादा आता नाहीत. मी कचेरीत जाईन, सगळं लिहून देईन, तुझ्या नावावरचा डाग पुसून काढीन. बोलता बोलता रडू लागल्या.

चिमणीने शांतपणे ऐकलं. "तेव्हा बोलला असतात तर मी सुटले असते," ती म्हणाली. "आता बोललात तर तुम्ही सुटाल. मला काय?"

निदान माफ केलं असं म्हण, असं आत्याबाई म्हणाल्या. चिमणीने सुई खाली ठेवली.

"तो चष्मा ठेवून जा. मला कामाला होईल."

आत्याबाईंनी साखळी गळ्यातून काढली आणि मला टेबलावर ठेवलं. परतताना त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत त्या उतरल्या. चिमणीने मान वळवून पाहिलंही नाही. तिने मला डोळ्यांपुढे धरलं आणि पहिल्याच खेपेला धागा ओवला.

त्या कचेरीत गेल्या का? नाही गेल्या. जायच्या असत्या तर विचारायला आल्या नसत्या. बोलणारी माणसं आधी बोलून येतात.

एक हात मला धरण्यात अडकला तर शिवायचं कसं? म्हणून शेजारच्या सुताराने माझी दांडी कापली आणि मला एका लाकडी ठोकळ्यावर ठोकून बसवलं. साखळी चिमणीने कापड दाबायला वापरली. तेव्हापासून मी माणसांचे चेहरे पाहिले नाहीत. पाहिल्या त्या फाटलेल्या कडा, तुटलेले धागे आणि तिची बोटं. खरं सांगतो, मला ते जास्त आवडलं. कापड फाटलं असलं की फाटलेलंच दिसतं.

एकदा कोणाच्या तरी कपड्यांच्या गाठोड्याबरोबर वर्तमानपत्राचा कागद आला. चिमणीने तो माझ्याखाली सरकवला आणि शब्दांखाली बोट ठेवत हळूहळू वाचला. आत्याबाई गेल्या होत्या. मोठा रकाना होता. तल्लख नजर, अचूक स्मरणशक्ती, अनेक निरपराधांची अब्रू वाचवली, असं बरंच काही. चिमणीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एक मोजा रफू करून झाला होता, तो त्या कागदात गुंडाळला आणि पुढचा घेतला.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. चिमणी नाही. तिच्या जागी यंत्र आलं आहे, आणि मी ठोकळ्यासकट खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे. एका भिंगाला तडा गेलाय. उद्या-परवा भंगारवाला येईल. तो मला ठोकळ्यावरून उपटेल, चांगलं भिंग काढून घेईल आणि बाकीचा मी उकिरड्यावर जाईन. त्याचं मला दुःख नाही.

तुम्ही इथवर ऐकलंत, तर माझं एक काम करा. मला कोणी साक्षीला बोलावलं नाही. आज तुमच्यासमोर देतो. त्या दुपारी तीन ते चार चिमणी आत्याबाईंच्या खोलीत होती. दार आतून लावलेलं होतं. ती समुद्रावर गेलेल्या एका कोळ्याचा धडा वाचत होती आणि "वादळ" या शब्दावर दोनदा अडखळली. चारचे ठोके पडले तेव्हा तिने पुस्तक मिटलं.

हे कुठेतरी लिहून ठेवा.